मदत हवी आहे : चोर्ला घाटातल्या वाघाचा फोटो खरा की बनावट?

केरीवाला : संध्याकाळच्या आत उत्तर हवंय. घाटात रस्त्याच्या मधोमध बसलेल्या वाघाचा फोटो सगळीकडे फिरतोय. भाऊ आज रात्री दुचाकीने बेळगावहून गोव्याला याच घाटाने येणार, आणि आईने घर डोक्यावर घेतलंय. दोन साइटवर तपासला. एक म्हणते ९१ टक्के एआय, दुसरी म्हणते अस्सल. नक्की ओळखायचं कसं?

डिचोलीकर : फोटो कुठाय? आणि पट्टेरी की बिबटा? आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात.

केरीवाला : पट्टेरी. फोटो इथे चढत नाहीये.

फोंड्याचा_फोटोवाला : आला कुठून ते सांगा ना. व्हॉट्सॲपवरून असेल तर कॅमेरा, तारीख, जागा ही आतली माहिती गळूनच येते. ज्याने काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मग एरर लेव्हल ॲनालिसिस करा, म्हणजे फोटोचा कुठला भाग वेगळा दाबला गेलाय ते दाखवणारी तपासणी; चिकटवलेला भाग उजळून दिसतो.

मी_म्हापशेकर : दहा हातांतून आलेल्या जेपेगवर कसलं ॲनालिसिस! फोटो पुन्हापुन्हा दाबला गेला की सगळाच सारखा गढूळ होतो. डोळे वापरा. हेडलाइटचा उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, पाटीवरची अक्षरं वाचता येतात का?

फोंड्याचा_फोटोवाला : डोळ्यांचं नको सांगू. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या फोटोग्राफरने मुंडकं नसल्यासारख्या दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो स्पर्धेत एआय गटात दिला आणि बक्षीस घेतलं. परीक्षकांना काय डोळे नव्हते?

साखळीची_सून : अनमोड घाटाने यायला सांगा. माझे दीर नेहमी तिकडूनच येतात.

सत्तरीकर : फोटो खोटा असेल, वाघ खोटा नाही. जानेवारी २०२० मध्ये इथल्याच म्हादई अभयारण्यात चार वाघ मेले, विसरलात? २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, त्याचं...

मी_म्हापशेकर : त्याला वेगळा धागा काढा हो. केरीवाले, गूगल लेन्सवर टाकलात का? आधी अख्खा, मग नुसता वाघ कापून.

केरीवाला : टाकला. हाच फोटो दोन वर्षांपूर्वीचा निघाला! खाली भलत्याच घाटाचं नाव.

मी_म्हापशेकर : बघा. फोटो कदाचित खराच, गाव खोटं. ते एआय ओळखणाऱ्या साइटला कुठून कळणार?

केरीवाला : आईला दाखवलं. ती विचारते, दोन वर्षांत वाघ तिथून इथे चालत येणार नाही कशावरून? देव बरें करूं सगळ्यांना. साखळीच्या वहिनी, अनमोडचा रस्ता रात्री कसा असतो?