'रिपोर्टर जीन'ला मराठीत काय म्हणायचं?

पुण्यात बॉटनीच्या मुलांसाठी नोट्स मराठीत करतेय. स्ट्रेस म्हणजे ताण की तणाव? आणि रिपोर्टर जीनला 'वार्ताहर जनुक' लिहिलं तर पोरं हसतील, दुसरं काही आहे का?

— ताई, तणाव नको, तो दोन गटांत असतो. झाडाला ताणच. इंदापूरकडच्या कुणाही डाळिंबवाल्याला विचारा, बहार धरायचा तर बागेला आधी ताण देतात, पाणी तोडतात, पानगळ करतात आणि मग पाणी सोडलं की फुलं. उष्णतेचा ताण, क्षारांचा ताण, सगळं बसतं त्यात.

— रिपोर्टर करतो काय ते बघा ना आधी. अरॅबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं बारकं रोप असतं, त्यात आरडी२९ए नावाचं जनुक पाणी कमी पडलं, थंडी पडली, मीठ वाढलं की चालू होतं. त्याचा प्रमोटर, म्हणजे चालू-बंद करणारा तुकडा, तेवढा घ्यायचा आणि त्याला जेलीफिशचं जीएफपीचं (निळ्या प्रकाशात हिरवं दिसणाऱ्या प्रथिनाचं) जनुक जोडून रोपात घालायचं. मग मिठाचं पाणी दिलं की निळ्या प्रकाशात पेशी हिरव्या दिसतात. ताण सोसायला त्या जीएफपीचा शून्य उपयोग, ते नुसती खबर देतं. म्हणून माझं मत 'खबऱ्या जनुक'ला!

— खबऱ्या पोलिसांचा असतो हो, परीक्षेच्या पेपरात कोण लिहिणार? शाळेत लिटमसला 'दर्शक' म्हणतात, तसं 'दर्शक जनुक' करा की.

— दर्शक नाही पटलं. लिटमस आम्लात बुडवला की स्वतःच रंग बदलतो, इथे जीएफपीचा मिठाशी थेट संबंधच नाही, प्रमोटर चालू झाला एवढंच ते सांगतं. तेही उशिरा, कारण प्रथिन तयार होऊन चमकायला लागायला वेळ जातो, आणि ते टिकाऊ असल्यामुळे ताण गेला तरी हिरवं दिसत राहतं. म्हणजे खबर शिळीसुद्धा असते 😄 खबऱ्याच बरोबर आहे, फार तर पेपरासाठी 'सूचक जनुक' लिहा.

— आणि ताई, 'चमकणं' सरसकट वापरू नका. जीएफपीची ती प्रतिदीप्ती, बाहेरून प्रकाश टाकावा लागतो. काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम वापरलं तर ती जीवदीप्ती, म्हणजे प्रकाश पेशीतच तयार होतो, तिथे त्या एन्झाइमला लागणारं ल्युसिफेरिन द्यायचं आणि अंधारात कॅमेरा लावायचा. पानात क्लोरोफिलची स्वतःची लाल प्रतिदीप्ती असते, तिला 'स्वप्रतिदीप्ती' म्हणा, आणि फोटो मुळांचे घ्या, तिथे तिचा त्रास नसतो.