विषय: कॉलिन्सबाई नेमक्या कुठल्या बाजूला?

प्रेषक: उपक्रम समिती

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी २०२५ च्या ‘बिग ब्यूटिफुल बिल’च्या, म्हणजे ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकाच्या, बाजूने मत दिलं की विरोधात? लिस्टवर दोन्ही दावे आलेत, दोन्हींसोबत लिंक आहे. कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या हीटिंगच्या सरकारी मदतीबद्दल, म्हणजे लायहीप (LIHEAP) योजनेबद्दल, त्यांच्या ऑफिसला पत्र पाठवायचं आहे. जाणकारांनी उलगडून सांगावं.

---

प्रेषक: माजी खजिनदार

दोन्ही लिंक खऱ्या आहेत. २८ जूनला बिल चर्चेला घ्यायला त्यांनी होकार दिला आणि १ जुलैला अंतिम मतदानात विरोध केला. ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने बिल तरलं. सिनेटच्या साइटवर प्रत्येक मतदानाच्या वर प्रश्न छापलेला असतो, ‘मोशन टू प्रोसीड’ (बिल चर्चेला घ्यायचं का) की ‘पॅसेज’ (बिल मंजूर करायचं का). आधी तो वाचा, मग नावं शोधा.

मधल्या काळात अतिश्रीमंतांवर जास्त कर लावून ग्रामीण रुग्णालयांचा निधी २५ अब्ज डॉलरवरून ५० अब्ज करण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. ती २२-७८ अशी पडली. निधी शेवटी ५० अब्जच झाला, तरी मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, कपातीमुळे त्या विरोधात राहिल्या.

पण लायहीपसाठी हे मतदान बघून उपयोग नाही. तो पैसा दरवर्षीच्या ‘लेबर-एचएचएस’ बिलातून, म्हणजे कामगार, आरोग्य वगैरे खात्यांच्या खर्चाच्या बिलातून, येतो आणि कॉलिन्सबाई जानेवारी २०२५ पासून सिनेटच्या अप्रोप्रिएशन्स कमिटीच्या, म्हणजे सरकारी खर्चाला पैसा मंजूर करणाऱ्या समितीच्या, अध्यक्ष आहेत. या कमिटीचा रिपोर्ट उघडून थेट शेवटच्या तक्त्यावर जा. गेल्या वर्षीची रक्कम, राष्ट्राध्यक्षांची मागणी आणि कमिटीची शिफारस शेजारीशेजारी असतात. आर्थिक वर्ष २०२६ साठी लायहीपची मागणी होती शून्य, शिफारस होती चार अब्ज डॉलरच्या वर. ३१ जुलैला कमिटीने ते बिल २६-३ ने मंजूर केलं. प्रेस रिलीज माझ्या मते वाचूच नयेत, तक्ता वाचावा.

एक मेख मात्र आहे. हे बिल सिनेटमधून पुढे सरकायला साठ मतं लागतात, पण मंजूर झालेला पैसा परत घ्यायचं ‘रिसिशन’ साध्या बहुमतात होतं. जुलै २०२५ मध्ये इतर योजनांचे नऊ अब्ज डॉलर असेच गेले, ५१-४८ ने. रिपब्लिकनांपैकी विरोधात फक्त कॉलिन्स आणि मर्कौस्की.

---

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

काकांनी मतांचं सांगितलं, मी पत्राचं सांगते. मेनमध्ये राहणाऱ्यांनीच लिहा, पूर्ण पत्ता आणि झिप कोडसकट; बाहेरच्या राज्यातलं पत्र सहसा बाजूला पडतं. पहिल्याच वाक्यात बिलाचं नाव, आर्थिक वर्ष, योजना आणि आकडा. ‘गरिबांना मदत करा’ एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येतं. ‘योजनेच्या बिलाला पाठिंबा द्या’ असंही नको, कारण ऑथोरायझेशनने, म्हणजे योजनेला नुसती परवानगी देणाऱ्या कायद्याने, योजना कागदावर राहते, पैसा अप्रोप्रिएशननेच मिळतो. सिनेटर आपल्या मागण्या कमिटीकडे वसंतात देतात, म्हणून पत्र त्याआधी पोचायला हवं.

तारखेचाही मुद्दा घाला. नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०२५ चं शटडाउन, म्हणजे पैसा मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडणं, १२ नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि लायहीपचे पैसे राज्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाले. मेनमध्ये तोवर टाकीत तेल भरून झालेलं असावं लागतं. तेव्हा ‘रक्कम किती’बरोबर ‘राज्याला कधी’ हेही विचारा.

---

प्रेषक: सचिव

ताई, काका, आभार. पत्रं व्यक्तिगत जातील, मंडळाचं लेटरहेड वापरू नये. आपण ५०१(सी)(३), म्हणजे निवडणूक प्रचाराला मनाई असलेली करमुक्त संस्था, आहोत आणि २०२६ मध्ये त्यांची निवडणूक आहे, त्यामुळे ‘यांना मत द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं या लिस्टवर एका ओळीतही नको. मसुदा गुगल डॉकमध्ये टाकतो, आकडे काकांनी तपासावेत.