अनुभव धागा : गावातली भीती – जागा कुठली, वेळ कुठली, सुटका कशी?

पोलीस चौकी लांब, पक्का रस्ता कालपरवाचा, अशा गोव्यातल्या गावांत नियम पाळून घ्यायचं बरंचसं काम भीतीनेच केलं. या धाग्यावर भुताचे किस्से नकोत. भीती नेमकी कशाची घालतात, मोडली तर काय होतं, बाहेर पडायची रीत काय, ते जाणकारांनी लिहावं. गावातल्या माणसांची नावं टाळा.

बांधावरचा (तिसवाडी)

खाजनापासून सुरुवात करतो. ही शेतं भरतीच्या पातळीखाली आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. मानशीची लाकडी दारं आपसूक चालतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. रात्री कुणी दारात ओंडका अडकवला की खारं पाणी आत, मासळी भरपूर आणि भात गेलं. कोरगुट हा इथला भात खारटपणा सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. बांध फुटून शेत खारावलं तर पावसाने मीठ धुवून निघेपर्यंत काही हंगाम जातात.

रात्रभर माणूस बसवणं कुठल्या गावाला परवडणार? म्हणून देवचार, गावाचा अदृश्य राखणदार. हातात दांडा आणि चूड, बांधावरून फेरी. मुलाला ‘तिथे भूत आहे’ असं सांगत नाहीत. राखणदाराची वाट आहे, तिथे झोपू नये, घाण करू नये, ढेकूळ उचलू नये, असं सांगतात. खेकड्याचं बीळ दिसलं तर घरी येऊन सांगायचं, हेही त्यातच. बांध बहुतेक वेळा अशा बारीक भोकातूनच फुटायला लागतो. देवचाराला रोट (जाड भाकरी), सोरो (दारू), विडी. ख्रिस्ती कुळंही मेणबत्ती लावतात. भरतीला धर्म नसतो.

रानवाट (सत्तरी)

आमच्याकडे हेच काम देवराई करते. बांबरची निरंकाराची राय पाहा : गोड्या पाण्याची दलदल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळं. नियम कडक. वहाणा बाहेर, फांदी मोडायची नाही, वाळकं लाकूडही न्यायचं नाही. बाहेरच्याला हा शेवटचा नियम वेडेपणा वाटतो. पण वाळकं न्यायची मुभा दिली की झाड मुद्दाम वाळवलं जातं. बुंध्याची साल गोल सोलली की काम होतं, कुऱ्हाडीचा आवाजही होत नाही. सरसकट बंदीला पळवाट नसते.

बिघडतं कुठे? भक्तीपोटी राईत सिमेंटचं देऊळ उठतं तिथे. देव गाभाऱ्यात गेला की धाकही त्याच्यामागून आत जातो. मग भोवतालच्या झाडांची वाहनतळासाठी मोजणी सुरू होते.

तरंगकाठी (पेडणे)

वरच्या दोघांनी सुटकेचं लिहिलं नाही. ती रीत ठरलेली असते. दोषाचा संशय आला की देवळात गाऱ्हाणं घालायचं. गुरव किंवा मानकरी बोलतो, ‘चुकलं-माकलं पदरात घे’ म्हणतो, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग कौल : पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतात, प्रश्न विचारतात, उजवी आधी पडली तर होकार. दंड ठरतो : नारळ, रोट, कधी गावजेवण. दंड भरला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही.

खरी सत्ता पाकळीत नसते, प्रश्नात असते. ‘दोष झाला आहे का?’ आणि ‘अमक्याच्या घरामुळे झाला का?’ हे दोन प्रश्न एकाच कौलाला लावता येतात. दुसरा विचारला की पाकळी कुठूनही पडो, त्या घराकडे बोट दाखवून झालेलं असतं.

फळा-खडू (पर्वरी)

ताडून पाहायला अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे होपी लोक घ्या. पठारांवरच्या त्यांच्या गावांत हिवाळ्याच्या अखेरीस ‘सोयोको’ नावाचे राक्षस घरोघरी येतात. पोरांच्या खोड्या आईबापांनीच त्यांना आधी कळवलेल्या असतात. पहिल्या फेरीत मुलीला मका दळायला आणि मुलाला उंदीर धरायला सांगतात. काही दिवसांनी परत येऊन मूल न्यायची धमकी देतात. तेव्हा घरचेच मध्ये पडतात, मुलाची बाजू मांडतात, खाणं देऊन त्याला सोडवून घेतात. भीती बाहेरून आली आणि आपली माणसं पाठीशी राहिली, हे मुलाच्या मनावर बसतं. घरातलंच माणूस ‘राक्षसाला देऊन टाकीन’ म्हणतं आणि सोडवायला कुणी येत नाही, तेव्हा ही पद्धत उलटते.

नाव नको (डिचोली)

सगळं फार गोड चाललंय. वाळीत टाकणं ही पण भीतीच ना? तिथे देवचार लागत नाही. देवळातला मान काढून घेतात, लग्नाचं आमंत्रण थांबतं, तिरडीला खांदा मिळत नाही. दंड भरूनही विषय संपत नाही, कारण संपवायचा अधिकार टाकणाऱ्यांकडेच असतो. आणि कौलाला प्रश्न कोण घालतं? महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार, बहुतेक पुरुषच. कोप झाला की बोट बाईकडे, विटाळाच्या नावाने, हे ठरलेलं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो राज्याचा कायदा, गोव्याला लागू नाही.

रानवाट (सत्तरी)

ताई, मान्य. आमच्या सत्तरीतल्या झर्मे गावचा चोरोत्सव याच्याच उलट टोकाचा म्हणावा लागेल. निरपराध तरुणांना चोर समजून गावाने मारलं, अशी कथा. शिगम्यात ‘चोर’ झालेल्या गड्यांना जमिनीत पुरतात, कुणाचं डोकं आत, कुणाचं धड. परक्याला भिऊन गावाने काय केलं, ते गावालाच दरवर्षी पाहावं लागतं.

फळा-खडू (पर्वरी)

बांधावरचे, मग आता मानशी का फुटतात?

बांधावरचा (तिसवाडी)

1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी गावकरीकडून (जमीन सामाईक सांभाळणारी गावची जुनी संस्था) कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि बोली जिंकणारा बरेचदा दुसऱ्या गावचा. शेत त्याचं नाही, देवचार त्याचा नाही. दारं उघडी राहिली की त्याची मासळी वाढते. आता लिलावाच्या अटींतच दार कधी उघडायचं ते लिहून घ्यावं लागतं, अनामत रक्कम ठेवावी लागते, आणि किल्ली शेतकऱ्याकडे.