‘ड्राफ्ट क्लास’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलवर लिहितोय. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या २०१७ च्या ‘ड्राफ्ट क्लास’ने, म्हणजे त्या वर्षी संघाने निवडून घेतलेल्या नव्या खेळाडूंनी, पहिल्याच मोसमात संघाचं रूप पालटलं, असं वाक्य हवं आहे. एका भाषांतरात ‘मसुदा वर्ग’ वाचलं, ते पटलं नाही. ‘लिलावातले खेळाडू’ चालेल का?

उत्तर : मसुदा कायद्याचा, कराराचा, पत्राचा. इथे त्याचा काहीच संबंध नाही. आयपीएलमुळे ‘लिलाव’ ओठांवर येतो, पण तोही नको. लिलावात बोली लागते, ड्राफ्टमध्ये पाळी असते. आदल्या मोसमात तळाला राहिलेला संघ सर्वांत आधी खेळाडू निवडतो, विजेता सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. ही पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात काही घेताही येतं. सेंट्सने ब्रँडिन कुक्सला न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे पाठवलं तेव्हा त्या व्यवहारात ३२वी आणि १०३वी पाळी त्यांच्या हाती आली. त्यांवर त्यांनी रायन रॅमचेक आणि ट्रे हेंड्रिक्सन निवडले. ‘लिलाव’ लिहिलंत तर यातलं काहीच वाचकाला कळणार नाही. ‘ड्राफ्ट’ तसाच ठेवा. आपल्याला तो अगदीच परका नाही. त्याच वर्षी जुलैत आयएसएल या आपल्याकडच्या फुटबॉल लीगच्या भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईत झाला होता आणि जमशेदपूर एफसीने अनस एडाथोडिकाला सर्वांत आधी उचललं होतं.

‘क्लास’साठी मला ‘तुकडी’ आवडतो. एकाच वर्षी एकत्र दाखल झालेले, एवढाच अर्थ त्यात येतो. ‘खेप’ मालाची असते, माणसांना लावू नये. ‘फळी’ तर मुळीच नको, कारण ती मैदानावरच्या जागेवरून ठरते आणि या तुकडीत चढाईचे खेळाडू होते तसेच बचावाचेही होते.

दुसरं उत्तर : ‘तुकडी’ला माझंही मत. पण खरी अडचण क्रियापदाची आहे. सुरुवातीच्या कामगिरीला आपण सरसकट ‘चुणूक दाखवली’ म्हणतो. चुणूक म्हणजे पुढे काय दिसणार याची झलक. ॲल्विन कमाराला हा शब्द फार तोकडा पडतो. ६७व्या पाळीवर आलेल्या या मुलाने पहिल्या मोसमात चेंडू घेऊन १२० वेळा धावत ७२८ यार्ड कापले, शिवाय ८१ पास झेलून ८२६ यार्ड मिळवले. ११व्या पाळीचा मार्शॉन लॅटिमोर बचावात उभा राहिला आणि त्याने प्रतिस्पर्ध्यांचे ५ पास मधल्यामध्ये झेलले. चढाई आणि बचाव, दोन्हींतले सर्वोत्तम नवोदित याच संघाचे ठरले. असं त्याआधी १९६७ मध्ये डेट्रॉइट लायन्सच्या बाबतीत घडलं होतं. रॅमचेक सोळाही सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. सलग तीन मोसम ७ विजय आणि ९ पराभव पाहिलेला संघ, पहिले दोन सामने हरूनही ११-५ वर पोचला. या तिघांनी ‘पदार्पण गाजवलं’ असंच लिहा.

‘चुणूक’ हेंड्रिक्सनसाठी राखून ठेवा. पहिल्या वर्षी त्याच्या नावावर अवघे २ सॅक, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं. २०२० मध्ये सेंट्सकडूनच साडेतेरा, आणि २०२४ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळताना साडेसतरा, म्हणजे त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक. म्हणून पहिल्या मोसमाबद्दल लिहिताना ‘तुकडी यशस्वी ठरली’ असा निकाल देणारा शब्द वापरू नये असं मला फार वाटतं.

प्रश्नकर्ता : याच तुकडीतल्या मार्कस विल्यम्सचं काय? मोसमभर छान खेळला, पण १४ जानेवारी २०१८ ला मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या चालीत त्याचा टॅकल हुकला, त्यांचा स्टीफॉन डिग्ज ६१ यार्डांचा टचडाउन करून (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन) गेला आणि सामना २९-२४ असा गेला. ‘नवखेपणा नडला’ म्हणू का?

उत्तर : नको. ‘नवखा’मध्ये अजाणतेपणाचा दोष येतो. त्याच सामन्यात त्याने एक पास झेलला होता, ते अजाण खेळाडूचं काम नव्हे. ‘रूकी’ला ‘नवोदित’ किंवा ‘पहिल्या वर्षाचा खेळाडू’ म्हणा, आणि त्या क्षणाबद्दल ‘त्याचा टॅकल हुकला’ एवढंच लिहा. तुमचं मूळ वाक्य मी असं करीन : ‘२०१७ च्या ड्राफ्टमधून आलेल्या तुकडीने पहिलाच मोसम गाजवला आणि सेंट्सना पुन्हा प्लेऑफमध्ये नेलं.’