प्रतिसाद: अंगठ्याकडे कान द्या

स्वीडिश गायक-गिटारवादक होसे गोन्सालेसच्या 'व्हिनियर' (२००३) या अल्बमबद्दल कुणीतरी म्हटलंय की नुसती गिटार आणि आवाज, त्यामुळे सगळी गाणी सारखीच वाटतात. मला हे अजिबात पटत नाही. हेडफोन लावा आणि फक्त त्याचा अंगठा ऐका. जाड तारांवर तो खर्ज धरून ठेवतो आणि त्याच वेळी बाकीची बोटं पातळ तारांवर वेगळीच सुरावट चालवतात. ही शिस्त क्लासिकल गिटारची, आणि ती तो शिकलेला आहे. तारा नायलॉनच्या, म्हणून स्टीलची झणझण नाही. सूर गोलसर येतो आणि लवकर विरतो, त्यामुळे बोटांना थांबून चालत नाही. गाण्याची गती तिथून येते.

माणूस स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा, पण आईवडील अर्जेंटिनाचे. क्यूबाचा गायक सिल्व्हिओ रॉड्रिग्जची गाणी त्याच्या कानावर लहानपणापासूनची. शब्द इंग्रजी असले तरी हात लॅटिन अमेरिकेचा वाटतो तो त्यामुळेच.

याच अल्बममधलं 'हार्टबीट्स' हे गाणं मूळ द नाईफ या स्वीडिश जोडीचं, सिंथेसायझरवरचं. आधी ते ऐका, मग लगेच होसेचं. ड्रम नाहीत, तरी ठेका कुठेही सुटत नाही. मला तर यातच शब्द जास्त भिडतात.