गोड नको, कळेल असं बोला

वर कुणीतरी म्हटलंय की विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीला एवढी रांग असते, जवानांकडून गोड बोलण्याची अपेक्षाच ठेवू नये. गोड नकोच हो! आमच्या ठाण्यातल्या शेजारच्या काकूंना एका विमानतळावर पडद्याआड एका महिला जवानाने 'हाथ ऊपर' म्हटलं. त्या गडबडून बांगड्याच उतरवायला लागल्या. मग तेच शब्द, फक्त दुप्पट आवाजात. शेवटी दुसरीने स्वतःचे हात पसरून दाखवले आणि अर्ध्या मिनिटात काम झालं.

विमानतळांवर ही तपासणी करणारं सीआयएसएफ हे केंद्रीय दल, जवान देशभरातून येतात. सगळ्यांनी मराठी बोलावं हा हट्ट मी धरणार नाही. पण हिंदी येत नाही म्हणून माणसाला जोखायचं, हे काय? ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई विमानतळावर तमिळनाडूच्या खासदार कनिमोळींनी सीआयएसएफ अधिकाऱ्याला 'तमिळ किंवा इंग्रजीत बोला' म्हटलं, तर 'तुम्ही भारतीय आहात का' असं विचारलं गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. लगेच चौकशी लागली. खासदार होत्या म्हणून. काकूंसाठी कोण लावतंय चौकशी?

नवी मुंबईहून उड्डाणं डिसेंबर २०२५ मध्येच सुरू झालीत, सवयी अजून पडायच्यात. 'हात पसरा', 'पॉवर बँक बाहेर काढा', एवढी चार वाक्यं तिथल्या जवानांना आत्ताच शिकवून टाकावीत.