भरतीच्या रेषेजवळ सापडलेली कासवाची अंडी घरी उबवता येतील का?

प्रश्न (दापोली तालुका): आमची वाडी पुळणीला लागून आहे. आज पहाटे कासविणीचा माग दिसला. घरटे भरतीच्या रेषेपासून जेमतेम चार हातांवर असून अमावास्येच्या उधाणाला पाणी तिथवर नक्की येईल. कुत्र्यांचाही उपद्रव आहे. थर्मोकोलच्या खोक्यात वाळू भरून, बल्बची ऊब देऊन ही अंडी घरी उबवावीत असे मनात आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कासवमित्र): आपली कळकळ समजते, पण कृपया अंड्यांना हात लावू नका आणि आत्ताच वनविभागाला कळवा. ऑलिव्ह रिडले जातीचे हे समुद्री कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे अंडी घरी नेणे हा गुन्हा ठरतो. शिवाय घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावतो, म्हणून वनविभागाच्या माणसांनी हलवायचे तेही लवकर आणि जी बाजू वर आहे ती तशीच वर ठेवून. बल्बचे तर नावच काढू नका, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते आणि वाळू जास्त तापली की बहुतेक माद्याच निपजतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून जे संवर्धन चालू आहे, त्यात किनाऱ्यावरच कुंपण घालून, साधारण दीड फूट खोल, घागरीच्या आकाराच्या खड्ड्यांत अंडी पुरतात. खोक्यात ती खोली आणि तो ओलावा साधणे अवघड आहे. माणसे येईपर्यंत घरट्यावर जाळीची टोपली पालथी घालून वर दगड ठेवा, आणि काठी मात्र खुपसू नका.

उत्तर (गुहागर तालुका): मी स्वतः ही चूक केली आहे. अंडी बादलीत भरून, दुपारच्या उन्हात स्कूटरवरून घरी आणली आणि परसात पुरली. दोन महिन्यांनी उकरले तेव्हा एकाही अंड्यातून पिल्लू निघाले नव्हते. फोडून पाहिले तर आत फक्त पिवळा, घट्ट गोळा होता. ते अजून मनातून जात नाही.

प्रश्नकर्ता: सर्वांचे आभार. वनरक्षक आणि कासवमित्र नऊच्या आत आले. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची १०८ अंडी त्यांनी एकेक करून, न फिरवता उचलली आणि घरट्यातली थोडी ओली वाळूही सोबत नेली. पिल्ले निघायला ४५ ते ६० दिवस लागतील. त्या दिवसांत रोज पहाटे हॅचरीवर (अंडी पुरलेल्या कुंपणाच्या जागी) येण्यास त्यांनी मला सांगितले आहे.